काळ्या अस्वलाच्या मागावर : दादरहून आखलेल्या दाचीगाम सहलीचे परीक्षण

मुंबईत वाघ दाखवायला नेणाऱ्यांची वानवा नाही. ताडोबा, पेंच, कान्हा आणि रणथंबोरची वेळापत्रके दादर-पार्ल्याच्या सहल-कार्यालयांत कित्येक महिने आधी तयार असतात आणि ती बहुतेक शाळांच्या सुट्ट्या पाहून बेतलेली असतात. हिमालयातील काळे अस्वल पाहायला नेतो असे सांगणारी सेवा मात्र विरळा, आणि त्या अस्वलासाठी आखणी कशी करायची हे खरोखर जाणणारी त्याहून विरळा. दादर पश्चिमेला दोघे मित्र अशी एक छोटी सेवा चालवतात. त्यांच्याकडून आम्ही उभयतांनी यंदा जूनमध्ये काश्मीरमधील दाचीगाम राष्ट्रीय उद्यानाची, निव्वळ काळ्या अस्वलासाठी बेतलेली सहल केली, तिचे हे परीक्षण आहे. पुढे उणिवाही लिहायच्या आहेत आणि सारा डोलारा दोनच माणसांच्या खांद्यावर उभा आहे, म्हणून सेवेचे नाव येथे देत नाही. ज्यांना जायचे असेल त्यांनी पुढील मुद्द्यांवर कोणत्याही आयोजकाला प्रश्न विचारावेत. उत्तरांवरून माणूस जाणकार आहे की नुसता तिकिटे काढणारा आहे, हे पाच मिनिटांत कळते.

माझी कसोटी एकच आहे आणि ती शिकाऱ्यांकडून घेतलेली आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली, ती योग्यच झाली. परंतु बंदूक घेऊन अस्वलाच्या मागे जाणारा माणूस घरून निघण्यापूर्वी जो विचार करीत असे, तोच विचार कॅमेरा किंवा दुर्बीण घेऊन जाणाऱ्यालाही करावा लागतो. या आठवड्यात अस्वल काय खात आहे, ते खाणे कोणत्या उतारावर आहे, तेथे वारा कोणत्या वेळी कोणीकडे वाहतो आणि उजेड किती उरतो, एवढ्यावर सारे अवलंबून असते. वाघाचे तसे नाही. वाघाचा इलाका ठरलेला असतो, पाणवठे ठरलेले असतात आणि उन्हाळ्यात त्यांपैकी एखाद्यावर तो येतो, त्यामुळे मे महिन्यातली सफारी पुष्कळदा फळते. अस्वल मात्र पोटाच्या मागे फिरते, आणि त्याचे ताट दर काही आठवड्यांनी बदलते.

ही गोष्ट मला प्रथम समजली ती कॅनडातील माझ्या भाच्यामुळे. तो कॅलगरीला स्थायिक आहे आणि तेथे अमेरिकी काळ्या अस्वलाची शिकार कायदेशीर असल्यामुळे रीतसर परवाना काढून वसंत ऋतूत जातो. ते अस्वल वेगळ्या जातीचे आहे, त्याची संख्या आठ लाखांच्या वर मानली जाते आणि त्याच्या शिकारीचे हंगाम, क्षेत्रे व मर्यादा प्रत्येक प्रांताचे सरकार ठरवते. अल्बर्टाच्या काही विभागांत आमिष मांडून मचाणावर बसण्यास मुभा आहे, तर शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात आमिषाला बंदी आहे आणि मारलेल्या अस्वलाचे खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा तेथे गुन्हा ठरतो. परदेशी माणसाला परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय तेथे मोठ्या जनावराची शिकार सहसा करता येत नाही, त्यामुळे मुंबईहून परस्पर बंदूक घेऊन जाण्याची स्वप्ने कोणी पाहू नयेत. पण भाच्याच्या तयारीतला ऐकण्यासारखा भाग शिकारीच्या आधीचा आहे. बिळातून नुकतीच बाहेर पडलेली अस्वले प्रथम कोवळे गवत शोधतात. ते गवत दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर, जेथे बर्फ लवकर वितळते तेथे आणि जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यांच्या कडेला आधी उगवते, म्हणून हे लोक समोरच्या उतारावर बसून तासन्‌तास दुर्बिणीने हिरवे पट्टे न्याहाळतात. पिल्ले बरोबर असलेल्या मादीवर नेम धरायचा नाही आणि काळे अस्वल व ग्रिझली, म्हणजे तिकडचे तपकिरी अस्वल, यांत गफलत होऊ द्यायची नाही, हे तर मुळाक्षरांसारखे असते. ग्रिझलीच्या खांद्यावर वशिंड दिसते, काळ्या अस्वलाला ते नसते. रंगावर तर अजिबात विसंबायचे नाही, कारण तिकडचे ‘काळे’ अस्वल तपकिरी किंवा दालचिनीच्या रंगाचेही निघते. दाचीगामच्या अस्वलाचे मात्र नाव आणि रंग जुळतात, हे त्यातल्या त्यात सोपे.

दादरच्या कार्यालयात पहिल्याच भेटीत ही कसोटी लावून पाहिली. मे महिन्याच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन जाता येईल का, असे मी मुद्दामच विचारले. समोरच्या तरुणाने भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवले आणि सरळ सांगितले, “काका, मे महिन्यात नेतो की, पण तेव्हा अस्वल गवत-मुळं खात उतारभर विखुरलेलं असतं. दिसलं नाही तर मग माझ्यावर रागवायचं नाही. तुती पिकू द्या, जूनमध्ये जाऊ.” हातचे गिऱ्हाईक महिनाभर पुढे ढकलणारा आयोजक मला तरी याआधी भेटला नव्हता. तो तक्ता म्हणजे दाचीगामच्या अस्वलाच्या आहाराचे कालपत्रक होते : वसंतात कोवळा पाला आणि कंद, जूनमध्ये तुती आणि रानचेरी, भर उन्हाळ्यात इतर फळे आणि खालच्या गावांतला मका, सप्टेंबरपासून अक्रोड आणि ओकची फळे, आणि बर्फ पडू लागल्यावर बिळातली झोप. हा तक्ता त्यांनी फोर्टमधील हॉर्नबिल हाउसमध्ये बसून, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलचे जुने अंक चाळून आणि श्रीनगरच्या ओळखीच्या माणसांना दर आठवड्याला फोन करून तयार केला आहे. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या या संस्थेच्या आरंभीच्या सदस्यांत हौशी शिकारी पुष्कळ होते आणि त्यांच्या टिपणांत प्राण्यांच्या खाण्यापिण्याची बारीक माहिती सापडते. ती माहिती आज बंदुकीविना उपयोगात आणणे हा तिचा सर्वांत चांगला उपयोग आहे, असे माझे मत आहे.

ठिकाणाची निवडही विचारपूर्वक केलेली आहे. हिमालयी काळे अस्वल काश्मीरपासून अरुणाचलापर्यंत पसरलेले आहे, परंतु बहुतेक ठिकाणी दाट रानामुळे ते दिसणे हा नशिबाचा भाग असतो. दाचीगाम श्रीनगरपासून सुमारे २२ किलोमीटरवर, दल सरोवराच्या मागच्या डोंगरांत आहे. क्षेत्र १४१ चौरस किलोमीटर आणि उंची सुमारे १,६०० मीटरपासून ४,००० मीटरच्या वरपर्यंत. १९१० च्या सुमारास श्रीनगरच्या पिण्याच्या पाण्याचे पाणलोट क्षेत्र स्वच्छ राहावे म्हणून हा भाग राखला गेला. महाराजांचे ते राखीव शिकारक्षेत्रही होते. पुढे १९५१ मध्ये अभयारण्य आणि १९८१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. हंगुल नावाच्या काश्मिरी हरणाचा हा शेवटचा मोठा आसरा, त्यामुळे प्रसिद्धी हंगुलच्या वाट्याला जाते. अस्वलासाठी मात्र खालचे दाचीगाम, म्हणजे डागवान नाल्याच्या काठची रुंद पानांची झाडी, महत्त्वाची. तेथे तुती, रानचेरी, अक्रोड अशी फळझाडे दाटीने आहेत आणि पूर्वी बाहेरून आणून लावलेले ओकही आहेत. अस्वलाच्या दृष्टीने पाहिले तर हे थोड्याशा सपाटीवर एकवटलेले भांडार आहे, आणि त्याच्या मधून रस्ता जातो, हे पाहणाऱ्याचे भाग्य.

निघण्यापूर्वी सेवेने सर्वांना एका सकाळी भायखळ्याच्या राणीबागेत जमवले, ही कल्पना मला फार आवडली. राणीबागेत आहे ते आपले देशी अस्वल, ज्याला स्लॉथ बेअर म्हणतात. लांब झिपरे केस, पांढुरके लांबोडे नाक, वाळवी उकरण्यासाठी वाढलेल्या लांबलचक नख्या. हे आणि हिमालयी, अशा दोन्ही अस्वलांच्या छातीवर फिकट खूण असते, त्यामुळे तेवढ्यावरून ओळखायला गेल्यास फसगत होते. हिमालयी अस्वलाची ओळख मोठे, गोल, एकमेकांपासून दूर असलेले कान, मानेभोवतीची दाट आयाळ आणि आखूड, चकचकीत केस यांवरून पटवावी, हे जिवंत अस्वलासमोर उभे राहून समजावल्यामुळे मंडळींच्या डोक्यात पक्के बसले. वर्गात पडद्यावर चित्रे दाखवून हे साधले नसते. भायखळ्याच्या दमट हवेत तासभर उभे राहण्यावरून काहींनी कुरकुर केली, तिच्याकडे आयोजकांनी दुर्लक्ष केले तेही बरे झाले.

कागदपत्रांच्या बाबतीत सेवा चोख निघाली. उद्यानात शिरण्यासाठी श्रीनगरच्या वन्यजीव विभागाची आगाऊ परवानगी लागते. ती प्रत्येकाच्या ओळखपत्रासह त्यांनी मिळवली होती आणि प्रतींचा एक संच मुंबईतच आमच्या हाती दिला. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालते, हे सहलीच्या महिनाभर आधी सांगितल्यामुळे ज्यांना हवे होते त्यांनी आपले सिम बदलून घेतले. ड्रोन आणू नये, श्रीनगरच्या विमानतळावर बाहेरच्या नाक्यापासून तपासणी सुरू होत असल्याने परतीच्या दिवशी तीन तास हाताशी ठेवावेत, अशा बारीकसारीक सूचना लेखी मिळाल्या. सर्वांत महत्त्वाची होती ती रद्द करण्याची अट. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरन येथे पर्यटकांवर झालेल्या हल्ल्यानंतर काश्मीरमधील अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद ठेवण्यात आली होती, आणि त्या वेळी पैसे अडकल्याच्या तक्रारी मी ओळखीच्या घरांतून ऐकल्या आहेत. या सेवेच्या करारात स्पष्ट लिहिले होते की सरकारी आदेशाने उद्यान बंद झाल्यास विमानभाडे वगळून सर्व रक्कम परत मिळेल किंवा पुढच्या हंगामाला वळती होईल. काश्मीरची कोणतीही सहल घेताना हे वाक्य करारात शोधावे आणि नसल्यास लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनाचा अशा वेळी काही उपयोग होत नाही.

आता प्रत्यक्ष रानातील आखणी. मुंबई-श्रीनगर थेट विमानाने सुमारे तीन तासांत पोहोचता येते, त्यामुळे पहिल्या दिवशीही दुपारनंतरचा वेळ हाती राहतो. दुसऱ्या दिवसापासूनचा क्रम मात्र पूर्णपणे वाऱ्याच्या हिशेबाने लावलेला होता, आणि ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. डोंगरी खोऱ्यात उन्हाने उतार तापले की हवा वर चढू लागते आणि संध्याकाळी उतार थंडावले की ती खाली वाहते. उद्यानात शिरताना आपण नाल्याच्या खालच्या अंगाने वर जातो. म्हणजे उन्हे चढल्यावर गेले तर आपला वास आपल्या आधी अस्वलापर्यंत पोहोचतो, आणि संध्याकाळी गेले तर वारा समोरून तोंडावर येतो. अस्वलाचे नाक त्याच्या डोळ्यांपेक्षा कितीतरी तीक्ष्ण असल्यामुळे हा फरक निर्णायक ठरतो. म्हणून पहाटेची फेरी उन्हे उताराला लागण्यापूर्वी संपवायची, दुपार विश्रांतीची, आणि मुख्य फेरी दुपार कलल्यावर, असा क्रम होता. अत्तर आणि वासाचे साबण बंद, आणि पिशवीत खाण्याचा एकही पदार्थ नाही. आमच्या गटातील एका काकूंनी चकल्या आणि थेपल्यांची पुरचुंडी लपवून आणली होती, ती प्रवेशद्वारावरच गाडीत ठेवायला लावली; त्यांना राग आला, पण आयोजक ढळला नाही. अस्वलाला माणसाच्या खाण्याची चटक लागली की पुढे जीव जातो तो अस्वलाचा किंवा माणसाचा, हे त्याने ज्या शांतपणे सांगितले त्यावरून हे भाषण त्याला नेहमीच करावे लागत असावे.

बरोबरचा वनरक्षक हा खरा वाटाड्या होता. उद्यानाच्या नियमाप्रमाणे तो असायलाच हवा. परंतु कोणत्या वनरक्षकाची वेळ आहे हे पाहून तारखा ठरवणे ही आयोजकांची हुशारी. त्याने रस्त्याकडेच्या झाडांवरील नख्यांचे ओरखडे दाखवले. चढतानाचे ओरखडे खोल आणि आखूड, उतरतानाचे लांब घसरलेले. तुतीच्या एका झाडाच्या शेंड्याकडे फांद्या मोडून आत ओढलेल्या आणि एकावर एक दडपलेल्या होत्या, जणू गिधाडाचे घरटे. अस्वल फांदीच्या टोकापर्यंत जाऊ शकत नाही, म्हणून ते बुंध्याजवळ बसून फांद्या आपल्याकडे ओढते, फळे ओरबाडते आणि मोडलेल्या फांद्या बुडाखाली घालते. ही बैठक पुढे कित्येक महिने झाडावर दिसत राहते. वाटेतली विष्ठा काडीने उकलून त्याने तुतीच्या बियांचा आणि चेरीच्या कवचांचा लगदा दाखवला, आणि बियांवरून अस्वल वरच्या चेरीच्या पट्ट्यातून खालच्या तुतीकडे उतरले आहे असा अंदाज केला. एखाद्या कसलेल्या शिकाऱ्याने जे वाचले असते तेच तो वाचत होता.

त्याच संध्याकाळी तो अंदाज खरा ठरला. “ऊपर देखिए, हापुत,” असे वनरक्षक हलक्या आवाजात म्हणाला (हापुत म्हणजे काश्मिरीत अस्वल) आणि नाल्यापलीकडच्या तुतीत काळा गोळा हलताना दिसला. अस्वल आमच्यापेक्षा वरच्या बाजूस होते, वारा त्याच्याकडून आमच्याकडे येत होता आणि मध्ये पाणी होते. आखणीतल्या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळल्यामुळे ते बराच वेळ निवांत खात राहिले. गोल कान, तोंडाकडचा भुरकट भाग आणि वळल्यावर दिसलेली छातीवरची पांढरी कोर, राणीबागेत शिकवलेले सारे समोर होते. दुसऱ्या एका फेरीत पिल्लांसह मादी नाला ओलांडताना दिसली, तेव्हा वनरक्षकाने एकाही माणसाला दुर्बीण डोळ्याला लावू न देता सर्वांना मागे वळवले. गटातील दोघे छायाचित्रकार त्यावर नाराज झाले. मला तो निर्णय सर्वस्वी योग्य वाटला, कारण काश्मीरच्या खोऱ्यात अस्वलांनी माणसांवर केलेले हल्ले हा गंभीर प्रश्न आहे आणि पिल्ले असलेली मादी अंगावर आली तर पळून सुटका होत नाही. कॅनडातला परवानाधारक शिकारी जेथे बंदूक खाली करतो, तेथे आपण कॅमेरा खाली करायला काय हरकत आहे?

उणिवांकडे वळतो. पहिली आणि सर्वांत अनाकलनीय उणीव वेळापत्रकातच आहे. जूनमध्ये श्रीनगरचा सूर्यास्त मुंबईपेक्षा जवळजवळ अर्धा तास उशिरा, पावणेआठच्या सुमारास होतो, म्हणजे दुपारनंतरचा लांबलचक उजेड ही तेथली खरी संपत्ती आहे. असे असताना एक अख्खी संध्याकाळ दल सरोवरात शिकारा नावाच्या होडीतून फेरी मारण्याला दिली गेली. आहाराचा तक्ता करणाऱ्या आणि वाऱ्याचा हिशेब मांडणाऱ्या माणसांनी ही संध्याकाळ का सोडली, असे विचारल्यावर “फॅमिली ग्राहकांना ते लागतंच, काका” असे उत्तर मिळाले. ते समजण्यासारखे आहे. पण मग ती फेरी भर दुपारी ठेवावी, किंवा ज्यांना रानात जायचे आहे त्यांना पर्याय द्यावा.

दुसरी उणीव दुर्बिणींची. ज्यांच्याकडे स्वतःची नव्हती त्यांना सेवेने भाड्याने दिलेल्या दुर्बिणी खिशात मावणाऱ्या, १० बाय २५ मापाच्या होत्या. भरदुपारी क्रिकेट पाहायला त्या ठीक आहेत. अस्वल मात्र झाडीच्या सावलीत, दिवस कलताना दिसते, आणि तेव्हा दुर्बिणीतून डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत किती रुंद आहे याला महत्त्व असते. तो भिंगाच्या व्यासाला विवर्धनाने भागून मिळतो : २५ भागिले १० म्हणजे अडीच मिलिमीटर, तर ८ बाय ४२ च्या दुर्बिणीत सव्वापाच मिलिमीटर. काळ्या पार्श्वभूमीवरचे काळे जनावर पहिलीतून डागासारखे दिसते, दुसरीतून त्याचे कान मोजता येतात. शिवाय दहापट विवर्धनात हाताचा कंपही दहापट दिसतो. माझ्या पत्नीने माझी जुनी ८ बाय ४२ गटात फिरवली म्हणून बाकीच्यांना अस्वल नीट दिसले. हे काम सेवेचे होते. वाटल्यास भाडे वाढवावे, पण साहित्य बदलावे.

गट थोडा मोठा होता. रस्त्यावरून रांगेत चालताना शेवटच्या माणसाला पुढच्यांच्या पाठी दिसतात आणि कुजबुज वाढत जाते. याची निम्मी माणसे असती तर वनरक्षकालाही सोपे गेले असते. मुक्काम श्रीनगरच्या निशात भागाच्या बाजूला असल्यामुळे पहाटे प्रवेशद्वाराशी पोहोचायला फार वेळ लागत नव्हता, खोल्या स्वच्छ होत्या, जेवण साधे आणि गरम. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

ज्या गोष्टी या सेवेने केल्या नाहीत त्यांचेही श्रेय द्यायला हवे. काश्मीरमध्ये अस्वल “हमखास” दाखवण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. एक म्हणजे वस्तीजवळच्या फळबागा आणि कचऱ्याचे ढीग. सोनमर्गकडे तपकिरी अस्वले कचऱ्यावर येतात हे अभ्यासकांनी नोंदवलेले आहे. दुसरा म्हणजे दाचीगाममधील सुटका केंद्र, जेथे संघर्षात सापडलेली किंवा जखमी अस्वले ठेवली जातात. काही आयोजक जाहिरातीतील “दर्शनाची खात्री” अशा मार्गांनी पुरी करतात, असे गटातील अनुभवी मंडळींकडून ऐकले. या दोघांनी पहिल्याच बैठकीत सांगितले होते की पिंजऱ्यातले अस्वल दर्शनात मोजणार नाही, वस्तीत नेणार नाही, आणि अस्वल दिसेलच अशी हमी देणार नाही. हिमालयी काळे अस्वल धोक्यातील जीवांच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे आणि पित्ताच्या व अवयवांच्या चोरट्या व्यापाराने ते अनेक देशांत मारले जाते; त्याला माणसाच्या उष्ट्यावर आणून दाखवणे हा धंदा म्हणूनही फार काळ टिकणारा नाही.

खर्चाविषयी. विमानभाडे वगळून माणशी सुमारे ४८,००० रुपये पडले. त्यात परवाने, वाहन, मुक्काम, जेवण आणि आयोजकाचे मार्गदर्शन आले; दुर्बिणीचे भाडे व बक्षिसी वेगळी. याच रकमेत ताडोब्याच्या चांगल्या सफाऱ्या होतात आणि वाघ दिसण्याची शक्यताही अधिक असते, त्यामुळे ज्याला केवळ मोठे जनावर पाहायचे आहे त्याने येथे पैसे घालू नयेत. अस्वलाच्या मागे जाण्यात बराचसा वेळ ओरखडे, विष्ठा, मोडक्या फांद्या आणि प्रतीक्षा यांत जातो, आणि ज्याला त्या वाचनात गोडी आहे त्याच्यासाठी किंमत रास्त आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी जायला हरकत नाही, कारण चाल बहुतेक रस्त्यावरून आणि सौम्य चढाची आहे. लहान मुलांना मात्र नेऊ नये, तासभर गप्प बसणे त्यांना जमत नाही आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षा करणेही बरे नव्हे.

मला विचाराल तर पुढची तुकडी अक्रोडांची, म्हणजे ऑक्टोबरच्या पूर्वार्धातली, घ्यावी. तेव्हा झाडी विरळ होऊ लागते, अस्वले झोपेपूर्वीची चरबी साठवण्यासाठी दिवसाही खात असतात आणि वरून उतरू लागलेला हंगुलही दिसण्याची शक्यता असते. पहाटे थंडी चांगलीच असते, तेव्हा दादरच्या बाजारातला पातळ स्वेटर पुरणार नाही. मुंबईकर दिवाळीची सुट्टी मागतील, पण दिवाळी नोव्हेंबरात गेली तर अक्रोड संपत आलेले असतात. तेव्हा सुट्टीच्या तारखा बाजूला ठेवून आयोजकाला अक्रोडांची बातमी विचारावी. नोंदणीची रक्कम एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्शाइतकी आहे आणि तारीख तीस दिवस आधी बदलली तर ती बुडत नाही. नोंदणी करतानाच शिकारा-होडीची फेरी दुपारी ठेवण्याची अट लिहून घ्यावी, आणि दुर्बीण घरून न्यावी.